गंगावेशीत दोन कॅमेरे

पहाटे पाच. गंगावेशीचा दूधकट्टा.
डाव्या खांद्यावर जुना, उजव्या खिशात नवा.

जुना मिररलेस, अकरा वर्षांचा.
पकडीचं रबर उन्हाळ्यात पाघळतं,
म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा डकवलाय.
आणि तोंडावर मुश्ताक मुजावरची लेन्स.

मुश्ताकचा स्टुडिओ होता पापाच्या तिकटीला.
बंद केला त्या दिवशी पासपोर्ट फोटोचा निळा पडदा भंगारात गेला
आणि ही लेन्स माझ्या जेवणाच्या डब्यात,
भाकरीच्या फडक्यात गुंडाळून.
"रोलच्या कॅमेऱ्याची हाय. तुझ्या ह्याला बसायची न्हाई."

बसवली.
उद्यमनगरात लेथपुढं उभं राहून आयुष्य गेलंय माझं.
एका सुट्टीला ॲल्युमिनियमची रिंग कातली,
आतून खाचा, बाहेरून तीन कान.
तीन शतांश कमी भरली.
तेव्हापासून फोटोचा डावा कोपरा जरा मऊ येतो.
मुश्ताकला मी सांगितलं नाही.
त्याला दिसलं असणार.

नवा आणला भाच्यानं, धैर्यशीलनं.
दिसायला साबणाच्या डबीएवढा,
आत सेन्सर मात्र जुन्याहून थोरला.
लेन्स निघत नाही.
सवयीनं दोनदा पिळून बघितली.
"मामा, ती फिक्स असते."
फिक्स तर फिक्स.

संतू चौगुलेनं कास चोळली, म्हैस पान्हवली,
चरवीत धार वाजायला लागली.
आधी जुन्यानं टिपलं:
अंधारात दाणे, बारीक रव्यासारखे,
आणि धार एकसंध, ताणलेल्या दोरीगत.
मग नव्यानं:
थेंब न् थेंब सुटा,
फेसातले बुडबुडे मोजून घ्यावेत,
म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर वाचून घ्यावा.

संतूला दोन्ही दाखवले.
त्यानं ओले हात बनियनला पुसले,
नव्यावर बोट ठेवलं.
"ह्यो बरा. ह्यात दूध दिसतंय.
त्यात नुसतं दूध काढत्यात, एवढंच कळतंय."
खरं बोलला.
कॅलिपर लावून बसलो असतो तरी हाच निकाल आला असता.

घरी कॉम्प्युटरवर बघताना
वेगळंच काहीतरी हाताला लागलं.
जुन्याचं शटर खटाक् वाजतं, दाराची कडी पडावी तसं.
त्यामुळं त्याच्या दुसऱ्या फोटोपासून पुढं
म्हशीचा कान माझ्याकडं वळलेला,
संतूची मान वर,
आणि मागं तांब्या घेऊन उभी एक पोर,
'काका, माझा काढला का?' अशा तोंडाची.

नवा वाजतच नाही.
त्याच्या एक्केचाळीस फोटोंत
एकही डोळा माझ्याकडं नाही.
सगळं आपलं आपलं चाललंय.
मी नसतो तरी असंच चाललं असतं.
आणि काय देखणं चाललंय!

ह्यावर दोन दिवस गेले. जेवणात लक्ष नव्हतं.

मग दिसलं, नव्याच्या बटणाला मधोमध बारीक आटे आहेत.
पितळेचा तुकडा शोधला, टोपी कातली,
माथा थोडा खोलगट, बोट बसेल एवढाच.
ह्या वेळी शतांशानंही चुकलो नाही.
बुरा झटकला, टोपी फिरवून बसवली, दाबली.
टिच्.
तेवढंच.

उद्या कट्ट्यावर नवाच नेणार आहे.
जुना घरी, चार्जरला.
बटण दाबताना तोंडानंच
'खटाक्' म्हणून बघतो.
म्हैस काय करते ते कळेल.